टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढूनही झोपेत श्वास अडतो: मुलांसाठी सीपॅप आणि बायपॅप

श्वासवाट

शस्त्रक्रिया झाली, घोरणे थोडे दिवस थांबले आणि परत सुरू झाले, आता पुढे काय? या मंचाच्या आरोग्य विभागात हा प्रश्न सुटासुटा येत राहतो आणि उत्तरेही सुटीच राहतात. म्हणून हा एकत्र धागा. विषय एवढाच: टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठी) काढल्यावरही उरलेला श्वासरोध, आणि त्यावर मास्कमधून दिला जाणारा हवेचा दाब, म्हणजे सीपॅप किंवा बायपॅप.

आधी 'उरलेला' म्हणजे किती ते पाहू. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला, तो आकडा एएचआय. मोठ्यांमध्ये ५ पर्यंत चालवून घेतात, मुलांमध्ये १ च्या वर गेला की तो बिघाड. साधारणपणे १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र.

शस्त्रक्रियेने किती मुले बरी होतात, याचे उत्तर मुले कोणती यावर अवलंबून आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'चॅट' चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुले होती. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपतपासणी (रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी) नीट आली, नुसती वाट पाहिलेल्यांमध्ये ४६ टक्क्यांची. पण २०१० च्या एका बहुकेंद्री पाहणीत ५७८ मुलांपैकी फक्त २७ टक्क्यांचा एएचआय १ च्या खाली आला. त्या गटात लठ्ठ मुले बरीच होती. लठ्ठपणा, सातच्या पुढचे वय, दमा, शस्त्रक्रियेआधीच तीव्र असलेला आजार, डाउन सिंड्रोम, लहान किंवा मागे सरकलेला जबडा, स्नायूंचे आजार यांपैकी काही असेल तर 'ऑपरेशन झाले, विषय संपला' असे धरू नका. सूज उतरायला वेळ द्या आणि ६ ते ८ आठवड्यांनंतर झोपतपासणी पुन्हा करून घ्या. नुसत्या घोरण्याच्या आवाजावरून तीव्रता कळत नाही.

कान_नाक_घसा

श्वासवाट, चांगला धागा. मास्कच्या आधीचा एक टप्पा मी जोडतो, कारण तो बहुतेक वेळा गाळला जातो.

उरलेला आजार सौम्य असेल तर नाकातला स्टेरॉइड फवारा, सोबत मॉन्टेलुकास्ट, असा साधारण तीन महिन्यांचा प्रयत्न करतात. मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला: चिडचिड, भयस्वप्ने, उदासी, आत्महत्येचे विचार. मुलाचा स्वभाव अचानक बदलला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. टाळू अरुंद आणि उंच असेल तर दंतवैद्य जबडा रुंदावणारे उपकरण बसवतात. वजन जास्त असेल तर ते कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे, पण तोवर श्वास अडू देत बसायचे नाही. मास्क आणि वजन दोन्ही एकदम सुरू करावे.

मध्यम किंवा तीव्र आजार उरला असेल तर झोपेच्या औषधाखाली दुर्बीण घालून अडथळा नेमका कुठे आहे ते पाहावे. अ‍ॅडिनॉइड पुन्हा वाढलेले सापडतात. जिभेच्या मुळाशी असलेले टॉन्सिल फुगलेले सापडतात, डाउन सिंड्रोममध्ये विशेष करून. स्वरयंत्राचा वरचा भाग श्वासासरशी आत ओढला जाताना दिसतो. यांतले काही दुरुस्त होण्यासारखे असते. उपाय होता आणि पाहिलाच नाही म्हणून मूल वर्षानुवर्षे मास्कवर राहिले, असे व्हायला नको.

श्वासवाट

पूर्ण सहमत. आणि त्याची दुसरी बाजू: दुर्बिणीची तारीख लांबची असेल, एएचआय १० च्या वर असेल, ऑक्सिजन घसरत असेल, तर तोवर मास्क सुरू करावा. एक निवडला म्हणून दुसरा सोडायचा नसतो.

मृद्गंध

सीपॅप आणि बायपॅप यांत निवड कशी होते? दुकानदार महाग ते चांगले असे सांगतात. आणि सरळ ऑटो मशीन (दाब आपोआप कमी-जास्त करणारे) घेतले तर प्रयोगशाळेतली रात्र वाचेल का?

श्वासवाट

महाग म्हणजे चांगले असे इथे अजिबात नाही.

सीपॅप श्वास घेताना आणि सोडताना एकच दाब ठेवतो. तो दाब घशाची मऊ वाट आतून उघडी धरतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, तत्त्व आजही तेच आहे. अडचण फक्त वाट मिटण्याची असेल तर सीपॅप पुरतो.

बायपॅपमध्ये दोन दाब: श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. यातला फरक फुप्फुसात हवा ढकलायला मदत करतो. म्हणून जिथे श्वासच उथळ आहे आणि कार्बन डायऑक्साइड साठतो तिथे तो लागतो: ड्युशेनसारखे स्नायूंचे आजार, प्राडर-विली हा जनुकीय आजार, अति लठ्ठपणा. मुलांमध्ये झोपेच्या एकूण वेळेपैकी २५ टक्क्यांहून जास्त वेळ कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या वर असेल तर त्याला हायपोव्हेंटिलेशन, म्हणजे अपुरा श्वास, म्हणतात. म्हणून तपासणीत कार्बन डायऑक्साइड मोजला आहे ना, हे आधी विचारा. मोजलाच नसेल तर ही निवड अंदाजाने होते. तिसरे कारण साधे आहे: सीपॅपचा दाब १५ सेंटिमीटर पाण्यापर्यंत (दाब याच एककात मोजतात) नेऊनही अडथळा सुटत नाही, किंवा एवढ्या दाबाविरुद्ध श्वास सोडणे मुलाला सोसत नाही.

ऑटोचे उत्तर 'रात्रपाळी' देतील.

रात्रपाळी

देतो. लहान मुलाला ऑटो लावून प्रयोगशाळा वाचवायची कल्पना मला मान्य नाही. कारण मोजून सांगतो.

मोठ्या माणसाचा श्वास १० सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजतात. मुलांमध्ये दोन श्वासांइतका वेळ गेला तरी अडथळा धरतात. मूल मिनिटाला २५ श्वास घेत असेल तर दोन श्वास म्हणजे जेमतेम ५ सेकंद. मोठ्यांच्या हिशेबाने बनवलेले मशीन १० सेकंद पुरे होण्याची वाट पाहते आणि ५-६ सेकंदांचे अडथळे सोडून देते. दाब वाढत नाही आणि सकाळी पडद्यावर एएचआय ०.८ दिसतो. पालक खूश, आजार तिथेच. शिवाय लहान मुलाचा हवेचा प्रवाहच इतका कमी की मशीन त्याला गळती समजू शकते. बऱ्याच घरगुती मशीनच्या पुस्तिकेत ३० किलोच्या वरच्या रुग्णांसाठी असे स्पष्ट लिहिलेले असते. खरेदीआधी ती ओळ शोधून वाचा. काही बायपॅप आणि व्हेंटिलेटर त्याहून कमी वजनाला चालतात.

किशोरवयीन, चांगल्या वजनाच्या, दुसरा काही आजार नसलेल्या मुलात ऑटो वापरता येतो. पण त्याचा आकडा प्रयोगशाळेत एकदा पडताळून घ्यावा.

आता टायट्रेशनची रात्र, म्हणजे मुलाला नेमका किती दाब लागतो ते प्रयोगशाळेत ठरवण्याची रात्र. अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीची २००८ ची पद्धत बहुतेक ठिकाणी चालते, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी अशी: सुरुवात ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. किमान ५ मिनिटे पाहायचे. त्यात श्वास एकदा पूर्ण अडला, किंवा एकदा मंदावला, किंवा धडपडून तीनदा झोप चाळवली, किंवा मिनिटभर मोठ्याने घोरणे ऐकू आले, तर दाब १ ने वाढवायचा. असे १५ पर्यंत. बायपॅप असेल तर ८ आणि ४ ने सुरुवात, दोन दाबांत किमान ४ आणि जास्तीत जास्त १० चा फरक, वरचा दाब २० च्या पुढे नाही. १२ वर्षांपुढे सीपॅप २० पर्यंत आणि बायपॅपचा वरचा दाब ३० पर्यंत नेता येतो.

अहवाल हातात आला की एक ओळ तपासा: ठरवलेल्या दाबावर मूल पाठीवर झोपलेले असताना किमान १५ मिनिटे आरईएम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, मिळाली का? मुलांचे अडथळे याच झोपेत दाटतात आणि ती पहाटेकडे जास्त असते. टायट्रेशन पहाटे चारला आटोपले असेल तर तो दाब अर्धवट समजावा.

आणि मुलाने मास्क पहिल्यांदाच त्या रात्री पाहिला तर रात्र वाया जाते. आधी घरी मास्कची सवय, मग टायट्रेशन.

मृद्गंध

सवय कशी लावायची तेच नेमके हवे आहे. मूल झोपले की हळूच मास्क लावावा, असा सल्ला सर्रास मिळतो.

थेम्सकाठ

मृद्गंधताई, तान्ह्या बाळांत तो सल्ला चालतो. तीन-चार वर्षांच्या पुढे एकट्या त्या उपायावर विसंबू नका. मूल मध्यरात्री जागे होते, तोंडावर काहीतरी आहे, हवा येते आहे, आपण होकार दिलाच नव्हता. एकदा अशी भीती बसली की महिनाभराचे काम मागे जाते.

माझा क्रम असा आणि तो पूर्णपणे दिवसा, खेळाच्या वेळी चालतो. पहिले काही दिवस मास्क नुसता हातात. बाहुलीला लावायचा, आईला लावायचा, मूल बाबांना लावते. मग पट्ट्यांशिवाय मुलाच्या नाकावर, मुलानेच स्वतः धरायचा, दहा आकडे मोजेपर्यंत. मग पट्टे लावून आवडीचे कार्टून पाहताना १५-२० मिनिटे. मग नळी जोडायची, मशीन बंद. त्यानंतर मशीन चालू करून नळीची हवा आधी तळहातावर, गालावर, मग मास्कमधून, ४ च्या दाबाने. मग दुपारच्या झोपेत. मग रात्री.

एका पायरीवर मूल रडले तर एक पायरी खाली उतरा आणि तिथेच यशस्वी शेवट करून थांबा. रडतानाच मास्क काढला तर रडले की सुटका होते हे मूल शिकते. म्हणून दोन शांत श्वास होऊ द्यावेत आणि मग काढावा. मास्क शिक्षा म्हणून कधीही नाही. 'ऐकले नाहीस तर मास्क लावीन' हे वाक्य घरातल्या आजी-आजोबांकडूनही येता कामा नये. बक्षीस त्या रात्रीनंतर लगेच सकाळी: तक्त्यावर एक चांदणी, पाच चांदण्यांना ठरलेली गोष्ट. ऑटिझम असेल किंवा चेहऱ्याला स्पर्श सहन होत नसेल तर या पायऱ्यांना आठवडे लागतात आणि वर्तन-मानसतज्ज्ञांची सोबत लागते. तो वेळ द्या.

रात्रपाळी

+१. एक भर: 'रोज ४ तास' हा निकष मोठ्यांसाठीचा आहे. मूल ९-१० तास झोपते आणि आरईएम शेवटी येते, म्हणजे मध्यरात्री मास्क सुटला की सगळ्यात वाईट तास उघडे पडतात. ध्येय पूर्ण झोपेचेच हवे. पण सुरुवातीला कमी तास झाले म्हणून निराश होऊन मशीन कपाटात टाकू नका. २०१२ च्या एका अभ्यासात मुलांचा सरासरी वापर रात्री जेमतेम १७० मिनिटे होता, तरीही तीन महिन्यांत दिवसाची पेंग, एकाग्रता आणि वागणूक सुधारलेली दिसली.

वायसर

मी यंत्रांच्या बाजूचा आहे. दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत मशीनचा दोष थोडा आणि जोडणीचा जास्त असतो.

सगळ्यात धोकादायक गोष्ट आधी. मास्कला किंवा त्याच्या कोपऱ्याला बारीक भोके असतात, तिथून सतत सूं आवाज येतो. ती गळती मुद्दाम ठेवलेली असते, श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाज होतो, हवा डोळ्यावर येते म्हणून तिथे चिकटपट्टी लावलेली आढळते. हे कधीही करू नका. मूल स्वतःचाच श्वास पुन्हा घेऊ लागते. याच कारणासाठी एकेरी नळीच्या मशीनवर श्वास सोडतानाचा दाब ४ च्या खाली नेत नाहीत. त्याहून कमी दाबात भोकांतून पुरेशी हवा वाहत नाही. रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरचे काही मास्क बिनभोकांचे असतात. ते घरच्या सीपॅपला लावायचे नाहीत.

मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार निवडायचा असतो. तो चुकला की गळतीचा हिशेब चुकतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात.

बायपॅपमध्ये लहान मुलांची वेगळी तक्रार: मूल श्वास घेते, मशीनला कळतच नाही, दाब वाढत नाही. ट्रिगर (मुलाचा श्वास ओळखण्याची सेटिंग) जास्त संवेदनशील करावा लागतो. एसटी मोडमध्ये (मुलाने श्वास घेतला नाही तर मशीन स्वतः श्वास देते) मिनिटाला किमान किती श्वास द्यायचे तो आकडा मुलाच्या झोपेतल्या गतीपेक्षा २-३ ने कमी ठेवतात. हे डॉक्टरांनी ठरवायचे, घरी बसून मेनूत शिरून बदलायचे नाही.

रॅम्पबद्दल: हळूहळू दाब वाढवायची सोय झोप लागायला चांगली. पण मध्यरात्री मास्क सुटला आणि परत लावताना रॅम्प नव्याने सुरू झाला तर गाढ झोपेत २० मिनिटे अपुरा दाब मिळतो. लहान मुलांत रॅम्प छोटा ठेवावा किंवा बंद.

मृद्गंध

मास्क नाकाचा की नाक-तोंड दोन्ही झाकणारा? तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या मुलांचे काय?

थेम्सकाठ

पहिली पसंती नाकाचाच. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. जे मूल स्वतःच्या हाताने मास्क काढू शकत नाही त्याला तो शक्यतो देऊच नये. दिलाच तर देखरेख आणि अलार्म हवेत. शिवाय तो खालचा जबडा मागे दाबतो, म्हणजे ज्या अडथळ्यासाठी उपचार त्यातच भर.

तोंड उघडे राहण्याचे कारण बहुधा बंद नाक असते. झोपण्याआधी सलाइनने नाक धुणे, डॉक्टरांनी दिलेला फवारा, ह्युमिडिफायर (मशीनच्या हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी) चालू. बऱ्याच मुलांत दाब योग्य झाला की तोंड आपोआप मिटते. हनुवटीचा पट्टा हा त्यानंतरचा उपाय, आणि उलटीची शक्यता असलेल्या मुलांत तोही नाही.

माप कंपनीच्या छापील मापपट्टीनेच घ्या. कुशनची खालची कड वरच्या ओठाच्या किंचित वर, वरची नाकाच्या हाडावर, बाजूंना नाकपुड्या दबता कामा नयेत. दोन मापांत शंका असेल तर बहुधा लहान. मोठ्या मास्कमध्ये हवा साठते आणि गळती डोळ्यांकडे जाते. पट्टे मुलाला आडवे करून, मशीन चालू ठेवून बांधायचे, कारण उभे असताना बसलेला मास्क आडवे होताच हलतो. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज जावीत. गळती दिसली की पट्टे आवळायची सवय उलटी पडते: कुशनला आतली पातळ झालर असते, ती हवेने फुगून त्वचेला टेकते. आवळले की झालर चुरगळते आणि गळती वाढते. मास्क क्षणभर चेहऱ्यापासून उचलून परत बसवा.

सकाळी नाकाच्या हाडावरची लाली पाहा. मास्क काढल्यावर अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली, किंवा बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल, तर जखमेची सुरुवात आहे. हायड्रोकोलॉइडची (त्वचेला जपणारी, जेलसारखी) पातळ पट्टी लावा आणि त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीमला फोन करा. वेगळ्या ठिकाणी टेकणारा दुसरा मास्क आलटून पालटून वापरणे हा खरा उपाय.

आणि जे कोणी सांगत नाही ते: वाढत्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षे दाब पडला तर गाल आणि वरचा जबडा चपटा होऊ शकतो. सुरू करण्याआधी चेहऱ्याचे समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा, वर्षातून एकदा दंत किंवा जबड्याच्या तज्ज्ञांना दाखवा.

कान_नाक_घसा

शेवटचा मुद्दा जाड अक्षरात असावा. चपटा जबडा म्हणजे आणखी अरुंद वाट.

वायसर

पावसाळा आणि वीज, आपल्याकडचे दोन नेहमीचे विषय.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, रोज नवे. उरलेले सकाळी ओतून टाकी धुऊन उलटी सुकवायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात टाकी आणि नळी सुकतच नाही आणि बुरशी धरते. साध्या नळीचे दोन नग ठेवून एक दिवसाआड वापरा. कुशन रोज सौम्य साबणाने, पट्टे आठवड्याला. डेटॉल, ब्लीच, उकळते पाणी नको, सिलिकोन खराब होते. फिल्टर दर आठवड्याला पाहा. रस्त्यालगतच्या घरात तो छापील मुदतीच्या फार आधी काळा पडतो.

एसी किंवा थंडीत नळीत पाणी साठून गुडगुड आवाज येतो. त्याने मूल जागे होते आणि बायपॅप खोटे श्वास देतो. मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, नळीला कापडी आवरण घाला, गरम नळी असेल तर तिचे तापमान वाढवा.

विजेसाठी प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर अ‍ॅडॉप्टर तापतात. बॅटरीवर चालवताना ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद करा, सर्वांत जास्त वीज तीच खातात. जुने मशीन घेत असाल तर क्रमांक कंपनीच्या रिकॉल यादीत तपासा. २०२१ मध्ये फिलिप्सने आतला आवाजरोधक फोम झिजतो म्हणून जगभरातली लाखो मशीन परत मागवली होती.

मृद्गंध

सर्दी-तापात मशीन बंद ठेवायचे का? आणि पोट फुगते त्याचे काय? त्याऐवजी घरी ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर चालेल का, असेही विचारले जाते.

श्वासवाट

साध्या सर्दीत चालू ठेवा. नाक धुवा, आर्द्रता वाढवा. उलट्या होत असतील त्या रात्री लावू नका. कानदुखी, नाकातून रक्त किंवा धाप असेल तर डॉक्टरांना विचारून.

पोट फुगणे म्हणजे हवा अन्ननलिकेत जाते आहे. दाब गरजेपेक्षा जास्त आहे का, नाक बंद आहे का, झोपण्याच्या अगदी आधी जेवण होते का, हे पाहायचे. जठरात नळी असलेल्या मुलांत रात्री ती उघडी ठेवून हवा सोडतात.

ऑक्सिजनबद्दल अगदी स्पष्ट सांगतो: तो मास्कची जागा घेऊ शकत नाही. बोटावरचा आकडा सुधारतो, वाट मिटलेलीच राहते, झोप तुटतच राहते आणि काही मुलांत कार्बन डायऑक्साइड वाढतो. मास्क अजिबात न सोसणाऱ्या मुलांत तज्ज्ञ तो कार्बन डायऑक्साइड मोजून देतात, तो वेगळा निर्णय.

कुठलीही शस्त्रक्रिया, अगदी दात काढायला भूल द्यायची असली तरी, भूलतज्ज्ञांना आधी सांगा आणि स्वतःचे मशीन, मास्क सोबत न्या. भूल उतरताना ते लागते.

मृद्गंध

शेवटचा प्रश्न. दाब पुन्हा कधी तपासायचा आणि मशीन कायमचे सुटते का?

रात्रपाळी

तान्ह्यांत दर काही महिन्यांनी, मोठ्या मुलांत ६ ते १२ महिन्यांनी. त्याआधीही, जर वजन बरेच वाढले किंवा घटले, जबड्याची किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली, मास्क लावूनही घोरणे ऐकू आले, किंवा अंथरूण ओले होणे आणि सकाळची डोकेदुखी परत सुरू झाली. मशीनच्या मेमरी कार्डावरचा डेटा दर महिन्याला काढा, पण त्यात वापराचे तास आणि गळती पाहा. एएचआयवर भिस्त ठेवू नका, कारण वर सांगितले.

बऱ्याच मुलांत सुटते. चेहरा वाढतो, वजन उतरते, एखादी शस्त्रक्रिया लागू पडते. ते ठरवायला बिनमास्कची झोपतपासणी करतात. नियमित वापराने घशाची सूज उतरलेली असते, त्यामुळे मास्क सोडल्याच्या पहिल्याच रात्री तपासले तर आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. तपासणीआधी किती रात्री मास्क बंद ठेवायचा ते डॉक्टरांकडून लेखी घ्या. आजार तीव्र होता किंवा कार्बन डायऑक्साइड साठत होता अशा मुलांत त्या रात्रीही घरी आपल्या मनाने बंद ठेवू नका.